सिरीजमध्ये ६० वॅटचा बल्ब १०० वॅटच्या बल्बपेक्षा जास्त का पेटतो? (रोध, करंट, व्होल्टेज)

पूर्वभागातली

नमस्कार मंडळी. विषय लेकीच्या अभ्यासाचा आहे, पण आता घरातले सगळेच त्यात उतरलेत, म्हणून इथे टाकते.

लेक नववीत आहे. ‘धाराविद्युत’ धडा चालू आहे. एकसर (सिरीज) जोडणी, समांतर जोडणी, सूत्रं सगळी तोंडपाठ. आमच्या यंत्रमाग कारखान्यात वायरमननं करून दिलेला एक सिरीज बोर्ड आहे. लाकडी पाटीवर एक होल्डर, एक सॉकेट, एक बटण, सगळे एकामागे एक जोडलेले. मोटर, स्टार्टरची कॉइल, जुना चोक, जे काही संशयास्पद असेल ते आधी त्याच्यावर लावून बघतात. होल्डरमध्ये १००चा पिवळा बल्ब कायम असतो. परवा सुट्टीच्या दिवशी लेकीनं बाबांच्या मागे लागून त्या सॉकेटमध्ये वायर-होल्डर लावून ६०चा बल्ब जोडायला लावला. दोन्ही पेटले. पण ६०चा चांगला उजेड देतोय आणि १००च्यात नुसती लालसर तार दिसतेय.

ह्यांचं म्हणणं असं, की करंट आधी ६०ला मिळतो, तो आपलं पोट भरून घेतो आणि उरलेला पुढे १००ला जातो. लेक म्हणाली, मग बल्बांची जागा बदलू. बदलली. तरी ६०चाच उजेड जास्त! आता हे म्हणतात १००चा बल्ब जुना झालाय. तो एकटा लावला तर लख्ख पेटतो.

पुस्तकात ‘एकसर जोडणीत विद्युतधारा सगळीकडे समान’ असं दिलंय. धारा समान, मग उजेड वेगळा का? आणि जास्त वॅटचा बल्ब मागे का पडतो? तिला पटेल असं कुणी सांगेल का?

वायरमन_अशोकचौक

ताई, तुमच्या लेकीनं जागा बदलून बघितली तिथंच निम्मं उत्तर आलं की! करंट कुणाच्या पोटात जात न्हाई. फेजमधनं जेवढा निघाला तेवढाच न्यूट्रलला परत येतो. क्लॅम्प मीटर (वायरीला चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा) पहिल्या बल्बच्या आधी लावा, दोघांच्या मधी लावा, शेवटाला लावा, आकडा एकच येणार. पुढचा-मागचा हा प्रकार सिरीजमधी नसतोच.

सायबांना सांगा, १००चा बल्ब चांगलाय, टाकू नका. तसला बल्ब आता शोधून आणावा लागतो. एलईडी बल्ब सिरीज बोर्डाला चालत न्हाई, त्याच्या आत सर्किट असतं, ते जरा करंट मिळाला की लुकलुकायला लागतं, त्यावरनं काय अंदाज येत न्हाई.

शेंगाचटणी

म्हणजे बिल वाचवायचं तर घरातल्या प्रत्येक १००च्या पुढे एक ६०चा जोडायचा का बे? आयडिया पेटंट करतो.

निवृत्त_मास्तर

पूर्वभागातली ताई, मुलीला शाबासकी द्या. ‘धारा समान’ हे वाक्य पाठ करणारी मुलं मी भरपूर पाहिली, ते खरं की खोटं हे बल्ब बदलून तपासणारी कमी.

आता गणित मांडू. बल्बवर ६० किंवा १०० वॅट छापलेलं असतं, ती त्याची कायमची शक्ती नव्हे. २३० व्होल्ट मिळाले तर तेवढी, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्या अंगचं जे असतं तो रोध. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की रोध मिळतो. ६०च्या बल्बचा २३० × २३० ÷ ६०, म्हणजे साधारण ८८२ ओहम. १००च्याचा ५२९ ओहम. इथेच पहिला धक्का बसतो: कमी वॅटचा बल्ब जास्त अडवणारा असतो. त्याची तार बारीक असते. म्हणून तर एकटा लावल्यावर तो कमी करंट घेतो, ०.२६ अँपिअर, आणि १००चा घेतो ०.४३.

दोघे एकामागे एक लावले की अडथळ्यांची बेरीज होते: ८८२ + ५२९ = १४११ ओहम. करंट २३० ÷ १४११ = ०.१६३ अँपिअर. हा करंट ६०च्याने ठरवला नाही, १००च्यानेही नाही आणि एकट्या सप्लायनेही नाही. संपूर्ण वाटेने मिळून ठरवला. मग प्रत्येकावर किती व्होल्ट पडले? करंट गुणिले ज्याचा त्याचा रोध. ६०च्यावर १४४, १००च्यावर ८६. बेरीज २३०. प्रत्यक्षात जळणारे वॅट म्हणजे करंट गुणिले त्याच्या वाट्याचे व्होल्ट: ६०च्यात २३ वॅट, १००च्यात १४. उजेड तसाच दिसणार.

धारा समान असली तरी व्होल्टेज समान नाही. व्होल्टेजची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते, ज्याचा रोध जास्त त्याचा वाटा मोठा. उजेड ठरतो तो या वाट्यावर.

शेंगाचटणी, तुमचं पेटंट चालेल, पण अंधारात बसावं लागेल. या हिशेबाने दोघांचे मिळून जेमतेम ३७ वॅट जळतात आणि उजेड त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात उतरतो. तार गार पडली की ती उजेड सोडून नुसती उष्णता देत बसते.

डिप्लोमावाला

मास्तर, पद्धत बरोबर, पण प्रत्यक्ष मीटर लावलात तर १४४ आणि ८६ दिसणार नाहीत. आमच्याकडे वर्कशॉपमध्ये हाच जोड आहे. ६०च्यावर साधारण १६५ आणि १००च्यावर ६५ व्होल्ट येतात. करंट ०.१६ नाही, ०.२२च्या आसपास.

कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर बदलतो. ८८२ आणि ५२९ हे आकडे पूर्ण पेटलेल्या, अडीच हजार अंशांच्या पुढे गेलेल्या तारेचे. बल्ब बंद करून, गार झाल्यावर मीटरने ओहम बघा: १००चा बल्ब ४० ओहमच्या जवळपास दाखवतो, ६०चा ६५च्या आसपास. तेरा-चौदा पटींचा फरक!

सिरीजमध्ये काय होतं बघा. सुरुवातीला ६०च्याचा वाटा जरासा जास्त. म्हणून तो जास्त तापतो, तापला की त्याचा रोध चढतो, रोध चढला की वाटा आणखी वाढतो. तिकडे १००च्याच्या वाट्याला कमी, तो तापतच नाही, रोध खालीच राहतो, वाटा आणखी घटतो. शेवटी दोघे जिथे टेकतात तिथे ६०चा साधारण ७५० ओहमवर असतो आणि १००चा ३००वर. म्हणून लेकीला नुसता फरक नाही, एवढा ढळढळीत फरक दिसला.

बल्ब नेहमी बटण दाबतानाच का उडतो, तेही यातच आलं. गार तारेत पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट घुसतो. जिथे तार झिजून बारीक झालीय तिथे तो क्षण सोसत नाही.

निवृत्त_मास्तर

सुंदर. ही भर मोलाची आहे. नववीच्या पेपरात मात्र रोध स्थिर धरूनच गणित सोडवायचं, नाहीतर गुण जातील.

हुरडापार्टी

एक बाळबोध शंका. करंट पहिल्या बल्बात शिरताना त्याला कसं कळतं की पुढे आणखी ५२९ ओहमचा बल्ब बसलाय? पुढचं माहीत नसताना तो आधीच कमी होऊन कसा येतो? मला हे कॉलेजातही कुणी सांगितलं नाही. ‘सूत्र आहे तसं’ म्हणायचे.

निवृत्त_मास्तर

शंका बाळबोध मुळीच नाही. ही शंका ज्याला पडत नाही त्याला सिरीज कळलेलीच नसते असं माझं मत.

पंढरपूरची दर्शनबारी डोळ्यांपुढे आणा. बारी भरलेली आहे, माणसाला माणूस लागून उभा आहे. गाभाऱ्यापाशी वाट अरुंद आहे, तिथून मिनिटाला जेवढे सरकतात तेवढेच पत्राशेडमध्येही सरकतात. पत्राशेडमधल्या माणसाला गाभारा दिसत नाही, पण पुढचा माणूस थांबला की तोही थांबतो. अरुंद जागेची बातमी अशी मागेपर्यंत आलेली असते. माणसं अरुंद जागी संपत नाहीत, मात्र रेटा तिथे सगळ्यात जास्त खर्च होतो. हा रेटा म्हणजे व्होल्टेज आणि सरकण्याचा वेग म्हणजे करंट.

तारेतही तेच. इलेक्ट्रॉन नळ उघडल्यावर येणाऱ्या पाण्यासारखे रिकाम्या तारेत धावत येत नाहीत, ते आधीच सगळीकडे भरलेले असतात. बटण दाबलं की रेट्याची बातमी प्रकाशाच्या वेगाशी तुलना होईल इतक्या झपाट्याने वाटभर पसरते. पहिल्या काही अब्जांश सेकंदांत थोडी धक्काबुक्की होते, तारेच्या पृष्ठभागावर कुठे थोडा भार साचतो, कुठे कमी होतो, आणि मग सगळीकडे एकच प्रवाह स्थिरावतो. डोळ्याला हा काळ कळण्याचा प्रश्नच नाही.

डिप्लोमावाला

आणि खुद्द इलेक्ट्रॉन किती सावकाश सरकतात हे ऐकून मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ०.२ अँपिअर असेल, तर सेकंदाला मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे. त्यात आपला सप्लाय एसी, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारा. म्हणजे ते जागच्या जागीच पुढेमागे करतात. महावितरणच्या डीपीतला (ट्रान्सफॉर्मरमधला) इलेक्ट्रॉन तुमच्या बल्बात कधीच पोचत नाही.

मास्तरांच्या बारीत एक गोष्ट मात्र बसत नाही. पुढचं दार बंद केलं तरी बारीत मागून माणसं येतच राहतात. सर्किट तुटलं तर कुठेच काही सरकत नाही. वाट गोल पूर्ण झालेलीच हवी.

पूर्वभागातली

सगळ्यांचे मनापासून आभार. बारी तिला लगेच कळली. ह्यांनी मास्तरांची पोस्ट दोनदा वाचली आणि ‘असं सरळ सांगायचं ना’ म्हणाले, जसं काही मीच वाकडं सांगत होते.

आता बाईसाहेबांचा पुढचा प्रश्न: दोनांतला एक बल्ब काढला तर दुसरा विझतो. करंट शून्य, तोही समान, इथपर्यंत ठीक. पण मग २३० व्होल्ट जातात कुठे? उरलेल्या बल्बावर पडायला करंट लागतो ना?

वायरमन_अशोकचौक

लई भारी प्रश्न हाय, आणि ह्याचं उत्तर जिवाशी हाय म्हणून नीट वाचा.

२३० व्होल्ट कुठं जात न्हाईत. ते सगळेच्या सगळे त्या रिकाम्या होल्डरच्या दोन पिनांच्या मधी येऊन बसतात. करंट शून्य झाला म्हणजे उरलेल्या बल्बावर शून्य गुणिले रोध, म्हणजे शून्य व्होल्ट. मग बेरीज २३० व्हायला पायजे ना? ती तुटलेल्या जागी होती.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पूर्वी बारक्या बल्बांच्या माळा मिळायच्या बघा, संक्रांतीला घरोघरी लागायच्या. एकेक बल्ब ६ व्होल्टचा, ३८-एक बल्ब सिरीजमधी, म्हणजे २३० भागिले ३८. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. लोकांना वाटायचं, ६ व्होल्टचा बल्ब, काय करतोय, आणि माळ चालू ठेवूनच बोटानं बल्ब हलवत बसायचे. जो गेलाय त्याच्याच होल्डरमधी २३० असतात! बाकीचे ३७ बल्ब काय अडवणार, ते गार हायत, सगळ्यांचा मिळून रोध अंगाच्या मानानं काहीच न्हाई. शॉक पूर्ण बसतो. माळेचा प्लग काढल्याशिवाय हात लावायचा न्हाई, बटण बंद केलं म्हणून बी विश्वास ठेवायचा न्हाई. कित्येक घरी बटण न्यूट्रलवर बसवलेलं असतं.

दुसरं एक करायचे. गेलेला बल्ब काढून दोन्ही वायरी पिळून जोडायच्या. माळ पेटायची, उजेड उलट वाढायचा, लोक खूश. ३८चे ३७ झाले, प्रत्येकाच्या वाट्याला जरा जास्त आले. असं करत करत ३० उरले की एकेकावर साडेसात व्होल्टच्या वर. मग एका रात्रीत पटापटा जायचे.

शेंगाचटणी

आमच्या घरची माळ अशीच गेली. शेवटी एवढीशी उरली होती की तुळशीलाही पुरेना.

डिप्लोमावाला

आताचे ९ वॅटचे एलईडी बल्ब उघडले तर आत तीच माळ दिसते, गोल पत्र्यावर. एका एलईडीवर काळा ठिपका पडलेला असतो, तो गेला म्हणून सगळा बल्ब बंद. नव्या पेठेत काही दुकानदार तो ठिपकेवाला एलईडी शॉर्ट करून बल्ब परत देतात आणि तो चालतोही, कारण आतला ड्रायव्हर (एलईडींना वीज पुरवणारं सर्किट) करंट धरून ठेवतो, व्होल्टेज आपोआप तेवढं खाली येतं. ड्रायव्हर साधा असेल तर मात्र ३८ बल्बांच्या माळेचीच गत.

ताई, एक विनंती. मुलीला मीटर घेऊन २३० व्होल्टवर काहीही मोजू देऊ नका, बाबा शेजारी असले तरी. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तसाच सॉकेटला लावला, तर मीटर म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा, सरळ शॉर्ट. अँपिअर मोजताना मीटर वाटेतच बसतो म्हणून त्याचा रोध जवळजवळ शून्य ठेवलेला असतो. व्होल्ट मोजताना तो बाजूने लागतो म्हणून प्रचंड ठेवलेला असतो. एवढा फरक लक्षात न घेता मीटर जाळणारे आमच्याकडे दरवर्षी येतात.

त्यापेक्षा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, १ किलो-ओहम, २.२ आणि ३.३ किलो-ओहमचे रेझिस्टर घ्या, चार-पाच रुपयांत येतील. तिघे एकामागे एक लावून प्रत्येकावरचे व्होल्ट मोजू द्या. आधी वहीत गणित करून, मग मीटर.

बार्शीकर_शेतकरी

तुमचं सगळं बल्बांवर चाललंय, आमच्याकडे विहिरीवर बघा सिरीज कशी दिसते ते. पेटीपासून विहीर २०० मीटर. सिंगल फेज मोटर. पेटीत २१०-२१५ व्होल्ट, मोटर नुसती घूं करते, उठत नाही. मिस्त्री म्हणतो मोटर भरून (रिवाइंड करून) घ्या. भरून घेतली, तरी तेच. याचा तुमच्या धड्याशी काही संबंध लागतो का?

वायरमन_अशोकचौक

संबंध लागतो की! मोटर भरायला दिली ती फुकट दिली, दादा. वायर कुठली हाय?

बार्शीकर_शेतकरी

अडीच एमएमची, तांब्याची. स्वस्तातली नाही.

डिप्लोमावाला

अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. तुमची वाट जाऊन-येऊन ४०० मीटर, म्हणजे ३ ओहम. ही ३ ओहमची वायर मोटरीच्या सिरीजमध्ये आहे, कुणी लावली नाही तरी आहेच. मोटर चालू असताना ७ अँपिअर घेत असेल तर ७ गुणिले ३, वायरीतच २१ व्होल्ट जातात. २१० मधले मोटरीला १९० मिळाले. हे एकवेळ चालेल.

पण उठताना मोटर पाच-सहा पट करंट मागते. ३० अँपिअर धरले तरी ९० व्होल्ट वायर खाणार. मोटरीच्या तोंडाशी उरले १२०. ती उठणार कशी? (मोटर म्हणजे निव्वळ रोध नसल्यामुळे वजाबाकी इतकी नेमकी होत नाही, पण अंदाजाला पुरते.) गंमत अशी की मोटर न उठता बंद केल्यावर विहिरीवर मीटर लावाल तर पूर्ण २१० दिसतील. करंटच नाही, तर वायरीत काही पडणार नाही. त्यामुळे मिस्त्रीला वाटतं, व्होल्टेज तर आहे, म्हणजे मोटरच बिघडली. मोटर चालू करताना, तिच्या टर्मिनलवर मोजायला सांगा.

६ चौरस मिलिमीटर टाकलीत तर रोध निम्म्याहून कमी होईल. ॲल्युमिनियम घेणार असाल तर त्याच जाडीला रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, म्हणून आणखी जाड घ्या. पेटीपासून डीपीपर्यंतची लाइनही याच रांगेत आहे, तिचं मात्र आपल्या हातात नाही.

निवृत्त_मास्तर

टॉर्चच्या जुन्या सेलचंही हेच. मीटर लावला की १.४ व्होल्ट दाखवतो, बल्ब लावला की मान टाकतो. सेलच्या पोटातला रोध जुनेपणी वाढलेला असतो आणि तो बल्बाच्या सिरीजमध्ये येतो. रोधाचं एकक ज्याच्या नावाचं आहे, त्या खुद्द ओहमला याचाच त्रास झाला होता. शाळेत शिकवता शिकवता तो तारांवर प्रयोग करायचा आणि त्या वेळच्या बॅटऱ्या करंट काढायला लागलं की ढेपाळायच्या, आकडे जुळेनात. मग त्याने बॅटरी सोडली आणि तांबं-बिस्मथची जोडी घेतली, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. टोकांच्या तापमानातल्या फरकातून मिळणारा रेटा अगदी थोडा, पण स्थिर. त्यावरून त्याचा नियम निघाला, १८२७ साली पुस्तक आलं. आणि आपण इथे वर ज्या बेरजा करतोय, सगळ्या वाट्यांची बेरीज सप्लायएवढी, तो नियम किरखॉफ या शास्त्रज्ञाने १८४५ साली मांडला, तेव्हा तो विद्यार्थीच होता.

पूर्वभागातली

लेकीचा रिपोर्ट. बॅटरी ९.२ व्होल्ट. गणितानं १.४२, ३.११, ४.६७ यायला हवे होते, मीटरवर आले १.४३, ३.०९ आणि ४.६८. बेरीज बरोब्बर ९.२०! घरभर नाचून झालं. रेझिस्टरवर सोनेरी पट्टी आहे म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालतं, हेही तिनेच मला सांगितलं. तिघांची क्रमवारी बदलून बघितली, आकडे रेझिस्टरबरोबर फिरले, जागेबरोबर नाही.

पण दुकानदारानं दोन १ मेगाओहमचेही दिले होते. ते दोघेच सिरीजमध्ये लावले तर निम्मे-निम्मे, ४.६ आणि ४.६ यायला हवेत ना? एकावर ४.३८, दुसऱ्यावरही ४.३८. बेरीज ८.७६. बॅटरी तपासली, ९.२ आहे. मधले ०.४४ व्होल्ट गेले कुठे? कालपासून जेवणावर लक्ष नाही.

हुरडापार्टी

मीटर स्वस्तातला असणार.

डिप्लोमावाला

मीटर अगदी बरोबर सांगतोय, त्याच्यावर राग काढू नका. मी वर लिहिलं ना, व्होल्ट मोजताना मीटरचा रोध प्रचंड ठेवलेला असतो. प्रचंड म्हणजे बहुतेक डिजिटल मीटरांत १० मेगाओहम. किलो-ओहमच्या रेझिस्टरपुढे तो असून नसल्यासारखा. पण १ मेगाओहमच्या बाजूला १० मेगाओहम लावला की दोघांचा मिळून ०.९१ मेगाओहम होतो. ज्याच्यावर मीटर लावलात त्याचा रोध मोजण्यापुरता कमी झाला, म्हणून त्याचा वाटाही कमी झाला. ९.२ × ०.९१ ÷ १.९१ करायला सांगा.

मीटर उचलून दुसऱ्यावर लावला की तिथेही तेच. ०.४४ कुठेच गेले नाहीत. ज्या क्षणी एकावर ४.३८ होते, त्या क्षणी दुसऱ्यावर ४.८२ होते. फक्त दोन्ही एकाच वेळी बघायला दोन मीटर लागतात, आणि दुसरा लावला की पुन्हा वाटणी बदलते!

पूर्वभागातली

४.३८ आलं. हुश्श. जेवायला बसली.

कडकभाकरी

धागा वाचून राहवलं नाही. जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटमध्ये मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अचानक बल्ब लख्ख झाले, पंखा पिसाळल्यासारखा फिरायला लागला. मी घाईघाईने एकेक वस्तू बंद करत सुटलो, आधी फ्रिज, मग कूलर. तेवढ्यात टीव्ही आणि वायफायचा डबा दोन्ही गेले. समोरच्यांकडे त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. नंतर कळलं की पॅनलमध्ये न्यूट्रल सुटला होता. पण न्यूट्रल सुटला तर सगळं बंदच पडायला हवं ना? व्होल्टेज वाढतं कसं?

वायरमन_अशोकचौक

तुमचं घर एका फेजवर, समोरचं दुसऱ्या फेजवर. दोघांचा न्यूट्रल पॅनलमधी एकत्र. तो डीपीकडं जायचा सुटला, पण एकमेकांना जोडलेलाच राह्यला. मग तुमच्या फेजमधनं करंट निघाला, तुमच्या घरातनं त्या न्यूट्रलवर आला आणि समोरच्यांच्या घरातनं त्यांच्या फेजवर गेला. दोन घरं सिरीजमधी! आणि दोन फेजमधी २३० न्हाई, ४०० व्होल्ट.

निवृत्त_मास्तर

वा. म्हणजे ६० आणि १००च्या बल्बांचीच गोष्ट. समोरच्यांकडे गिझर चालू आहे समजू, २००० वॅट, रोध साधारण २६ ओहम. तुमच्याकडे मिळून २०० वॅट, रोध २६४. चारशेची वाटणी रोधाच्या प्रमाणात: त्यांना ३६ व्होल्ट, तुम्हाला ३६४. ज्याच्याकडे लोड कमी, त्याचा रोध जास्त, त्याच्याच वस्तू जळणार.

कडकभाकरी

थांबा. मग मी फ्रिज, कूलर बंद केले तेव्हा...

डिप्लोमावाला

तेव्हा तुमच्या घराचा रोध वाढला आणि ४०० मधला तुमचा वाटाही वाढला. जे चालू राहिलं, म्हणजे टीव्ही आणि वायफाय, त्यांच्यावर आणखी व्होल्टेज चढलं. तिसऱ्या फेजवरचं घर धरलं तर आकडे बदलतात, दिशा हीच.

वायरमन_अशोकचौक

म्हणून पुन्हा असं झालं तर एकेक बटण शोधत बसायचं न्हाई. बल्ब लख्ख झाले, पंखा पळायला लागला की सरळ मेन स्विच खाली, आणि मग समोरच्यांना, वरच्यांना हाक मारून त्यांचाबी खाली करायला लावायचा. परत चालू करायच्या आधी फेज-न्यूट्रलमधी २३० हाय का ते वायरमनकडनं मोजून घ्या. बिल्डिंगच्या पॅनलमधले न्यूट्रलचे स्क्रू वर्षातनं एकदा आवळून घेतले तर ही वेळच येत न्हाई. उन्हाळ्यात कूलरचा लोड चढला की ढिला जॉइंट तापतो आणि तिथनंच सुटतो.

पूर्वभागातली

ह्यांनी आत्ताच कारखान्याचं पॅनल उघडायला माणूस बोलावलाय. लेक विचारतेय, तिन्ही घरांचं गणित कसं सोडवायचं?

डिप्लोमावाला

त्याला तिन्ही फेजचे कोन धरावे लागतात, नववीच्या गणितात बसत नाही. तिला सध्या दोन घरांचंच द्या, पण गिझरच्या जागी दोन्हीकडे सारखाच लोड धरून. काय येतं ते तिने इथे लिहावं.

पूर्वभागातली

२०० आणि २००. ती म्हणते, म्हणजे लोड सारखा असेल तर न्यूट्रल सुटलेला कुणाच्या पटकन लक्षातही येणार नाही.